गणित उत्तरपत्रिकांचे गुणदान

गणित उत्तरपत्रिकांचे गुणदान म्हणजे शालेय गणिताच्या लेखी परीक्षेत विद्यार्थ्याने लिहिलेले उत्तर ठरावीक योजनेनुसार तपासून त्यास गुण देण्याची प्रक्रिया होय. गणिताच्या प्रश्नाचे अंतिम उत्तर बहुधा एकच असले, तरी गुण केवळ त्या उत्तरासाठी दिले जात नाहीत. उत्तरापर्यंत पोहोचण्यासाठी लिहिलेल्या प्रत्येक अर्थपूर्ण पायरीला स्वतंत्र मूल्य असते. या तत्त्वास 'पायरीनिहाय गुणदान' असे म्हणतात. भारतातील शिक्षण मंडळे, इंग्लंडमधील परीक्षा संस्था आणि आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रम या सर्वांच्या गुणदान योजना याच तत्त्वावर उभ्या आहेत. त्यांच्यातील फरक मुख्यतः गुणांची नावे, अर्ध्या गुणांचा वापर आणि चुकीचा परिणाम कोठवर धरावा या बाबतीत आढळतो.

गुणदानाचे दोन हेतू असतात. विद्यार्थ्याला जेवढे समजले आहे तेवढ्याचे श्रेय त्याला मिळावे, हा पहिला हेतू. एकच उत्तर निरनिराळ्या परीक्षकांकडे गेले तरी त्यास सारखेच गुण मिळावेत, हा दुसरा. हे दोन हेतू नेहमीच एकमेकांस पूरक ठरत नाहीत. परीक्षकाला जितके स्वातंत्र्य द्यावे तितके विद्यार्थ्याच्या विचारास न्याय देणे सुलभ होते, पण तितकीच परीक्षकांमधील तफावतही वाढते. गुणदान योजनांची रचना या दोहोंचा मेळ घालण्याच्या प्रयत्नातून घडत आली आहे.

पार्श्वभूमी

निबंधाच्या तुलनेत गणिताची तपासणी पूर्णपणे वस्तुनिष्ठ असते, असा सार्वत्रिक समज आहे. या समजाला विसाव्या शतकाच्या आरंभीच धक्का बसला. अमेरिकेतील डॅनियल स्टार्च आणि एडवर्ड इलियट या संशोधकांनी भूमितीची एकच उत्तरपत्रिका शंभराहून अधिक शिक्षकांकडून तपासून घेतली आणि तिचे निष्कर्ष १९१३ मध्ये प्रसिद्ध केले. त्याच उत्तरपत्रिकेला काही शिक्षकांनी शंभरापैकी तीसपेक्षाही कमी, तर काहींनी नव्वदहून अधिक गुण दिले होते. याआधी त्यांनी इंग्रजी विषयाच्या उत्तरपत्रिकांवर असाच प्रयोग केला होता. गणितातील तफावत त्याहून कमी असेल ही अपेक्षा फोल ठरली. काही शिक्षकांनी केवळ अंतिम उत्तर पाहिले, काहींनी रीतीला महत्त्व दिले, तर काहींनी मांडणीच्या नीटनेटकेपणाचेही गुण दिले किंवा कापले. उत्तर एकच असले, तरी कशास गुण द्यावयाचे याविषयी मतैक्य नव्हते, हे या प्रयोगाने उघड झाले.

त्यापूर्वी १८८८ मध्ये ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ व संख्याशास्त्रज्ञ फ्रान्सिस एजवर्थ यांनी परीक्षेतील गुणांमध्ये योगायोगाचा वाटा किती असतो, याचे संख्याशास्त्रीय विवेचन केले होते. पुढे १९३५ मध्ये फिलिप हार्टॉग आणि ई. सी. ऱ्होड्स यांनी ब्रिटनमधील परीक्षांच्या चौकशीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. परीक्षक एकमेकांशी तर असहमत असतातच, पण काही काळानंतर तीच उत्तरपत्रिका पुन्हा हाती आली तर स्वतःच्याच पूर्वीच्या निर्णयाशीही असहमत होतात, असे त्यातून दिसून आले. अशा अभ्यासांनंतर तपशीलवार लेखी गुणदान योजना, परीक्षकांच्या पूर्वबैठका आणि नमुना तपासणी या उपायांचे महत्त्व अधिकाधिक पटत गेले.

गुणदान योजना

प्रश्नपत्रिकेबरोबर तयार केल्या जाणाऱ्या ज्या दस्तऐवजात प्रत्येक प्रश्नाचे आदर्श उत्तर आणि त्यातील पायऱ्यांची गुणविभागणी दिलेली असते, त्यास गुणदान योजना म्हणतात. चांगल्या योजनेत अपेक्षित उत्तराबरोबरच स्वीकारार्ह पर्यायी रीती, उत्तराची समतुल्य रूपे आणि नेहमी होणाऱ्या चुकांच्या वेळी घ्यावयाचा निर्णय यांचाही समावेश असतो. उदाहरणार्थ, उत्तर १/२ असल्यास ०.५ ग्राह्य धरावे काय, वर्गमुळातील उत्तर दशांश रूपात चालेल काय, एकक न लिहिल्यास गुण कापावेत काय, या प्रश्नांचा निवाडा परीक्षकाच्या मर्जीवर न सोडता योजनेतच करून ठेवलेला असतो.

निरनिराळ्या योजनांमध्ये नावे वेगवेगळी असली, तरी गुणांचे पुढील चार प्रकार आढळतात.

पद्धतीचे गुण: योग्य सूत्र, योग्य समीकरण किंवा योग्य रीत प्रत्यक्ष वापरल्याबद्दल मिळणारे गुण. नुसते सूत्र लिहिणे बहुधा पुरेसे नसते. त्यात प्रश्नातील किमती घातल्या म्हणजे रीत वापरली असे मानले जाते. आकडेमोडीत चूक झाली तरी हे गुण जात नाहीत.

अचूकतेचे गुण: बरोबर किंमत काढल्याबद्दल मिळणारे गुण. हे गुण सामान्यतः त्याआधीच्या पद्धतीच्या गुणांवर अवलंबून असतात. चुकीच्या रीतीने योगायोगाने बरोबर उत्तर आले, तर अचूकतेचा गुण दिला जात नाही.

स्वतंत्र गुण: रीतीवर अवलंबून नसलेल्या विधानासाठी, उदाहरणार्थ आलेखावरून अचूक वाचलेल्या किमतीसाठी किंवा व्याख्या लिहिल्याबद्दल मिळणारे गुण.

कारणाचे गुण: भूमितीतील सिद्धतेत किंवा 'कारण द्या' अशा प्रश्नात विधानाच्या समर्थनार्थ दिलेल्या कारणासाठी मिळणारे गुण.

उत्तर प्रश्नातच दिलेले असेल आणि 'सिद्ध करा' किंवा 'दाखवा' असे विचारले असेल, तर अंतिम ओळीला गुण नसतात. तेथे सर्व गुण मधल्या पायऱ्यांसाठी राखलेले असतात. त्यामुळे अशा प्रश्नात पायऱ्या गाळणे सर्वांत महागात पडते.

पायरीनिहाय गुणदानाचे उदाहरण

पुढील उदाहरण आणि त्याची गुणविभागणी केवळ स्पष्टीकरणासाठी आहे.

प्रश्न (४ गुण): एका आयताची लांबी त्याच्या रुंदीपेक्षा ५ मीटरने जास्त असून क्षेत्रफळ ८४ चौरस मीटर आहे. समीकरण तयार करून आयताची परिमिती काढा.

रुंदी क्ष मीटर मानल्यास लांबी (क्ष + ५) मीटर होते. यावरून क्ष(क्ष + ५) = ८४, म्हणजेच क्ष² + ५क्ष − ८४ = ० हे वर्गसमीकरण मिळते (१ गुण). अवयव पाडल्यास (क्ष + १२)(क्ष − ७) = ० (१ गुण). रुंदी ऋण असू शकत नाही, म्हणून क्ष = −१२ ही किंमत सोडून क्ष = ७ घ्यावी लागते आणि लांबी १२ मीटर येते (१ गुण). परिमिती २(१२ + ७) = ३८ मीटर (१ गुण).

या प्रश्नाच्या पाच निरनिराळ्या उत्तरांकडे परीक्षक कसे पाहतो, हे पुढीलप्रमाणे सांगता येते.

पहिल्या विद्यार्थ्याने समीकरण बरोबर मांडले, पण अवयव पाडताना चिन्हांची अदलाबदल करून (क्ष − १२)(क्ष + ७) = ० असे लिहिले. पुढे त्याने −७ ही किंमत योग्य कारणाने सोडली, रुंदी १२ व लांबी १७ मीटर घेतली आणि परिमिती ५८ मीटर काढली. केवळ बरोबर उत्तरांना गुण द्यावयाचे ठरवले तर त्यास एकच गुण मिळेल. पण त्याची चूक एकाच पायरीवर झाली आहे. ऋण किंमत सोडणे आणि परिमितीचे सूत्र वापरणे या दोन्ही गोष्टी त्याला समजल्या आहेत. चुकीचा परिणाम पुढे न धरण्याच्या नियमानुसार त्यास ३ गुण मिळतात. एकाच उत्तरातील हा दोन गुणांचा फरक गुणदान योजनेवर अवलंबून असतो, विद्यार्थ्याच्या आकलनावर नव्हे.

दुसऱ्या विद्यार्थ्याने क्षेत्रफळ ८४ ऐवजी २४ असे उतरवून घेतले. त्याचे समीकरण क्ष² + ५क्ष − २४ = ० झाले, रुंदी ३ व लांबी ८ मीटर आली आणि परिमिती २२ मीटर निघाली. अंक चुकीचा उतरवल्याने प्रश्नाची काठिण्यपातळी कमी झालेली नाही. अशा वेळी अनेक योजनांत एखादा गुण कापून बाकीचे गुण दिले जातात.

तिसऱ्या विद्यार्थ्याने लांबी व रुंदी यांची बेरीजच ८४ मानून क्ष + क्ष + ५ = ८४ असे समीकरण मांडले. क्षेत्रफळाची संकल्पनाच येथे चुकली आहे आणि वर्गसमीकरणाच्या जागी सोपे रेषीय समीकरण आले आहे. अवयव पाडणे किंवा ऋण किंमत सोडणे या कौशल्यांची कसोटीच न लागल्यामुळे त्या पायऱ्यांचे गुण देता येत नाहीत. पुढची आकडेमोड निर्दोष असली तरीही हा निर्णय बदलत नाही.

चौथ्या विद्यार्थ्याने समीकरण मांडल्यावर अवयव न पाडता ७ × १२ = ८४ हे ओळखले. रुंदी धन असून ती वाढली की गुणाकारही वाढतो, म्हणून दुसरी धन किंमत संभवत नाही, असेही त्याने लिहिले. ही रीत पाठ्यपुस्तकातील नसली तरी तर्कशुद्ध आहे. प्रश्नात विशिष्ट रीत वापरण्याची सूचना नसल्याने त्यास पूर्ण गुण देणे योग्य ठरते.

पाचव्या विद्यार्थ्याने केवळ '३८ मीटर' एवढेच लिहिले. उत्तर बरोबर आहे, पण प्रश्नात समीकरण तयार करण्याची स्पष्ट सूचना होती. समीकरण, अवयव आणि निवड यांचा कोणताही पुरावा कागदावर नसल्यामुळे परीक्षक त्या पायऱ्यांचे गुण देऊ शकत नाही. विद्यार्थ्याने मनात काय केले असेल याचा अंदाज बांधून गुण देणे गुणदानाच्या नियमांत बसत नाही.

चुकीचा दंड एकदाच

एका चुकीसाठी एकदाच गुण कापावेत, हे शालेय गणिताच्या गुणदानातील महत्त्वाचे तत्त्व आहे. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाच्या परीक्षकांसाठीच्या सर्वसाधारण सूचनांत चुकीच्या साखळी परिणामासाठी गुण कापू नयेत, असे स्पष्ट म्हटलेले असते. इंग्लंडमधील योजनांत जेथे मागील चुकीची किंमत पुढे वापरूनही गुण मिळू शकतात, अशा पायऱ्यांवर विशेष खूण केलेली असते.

या तत्त्वाला दोन मर्यादा आहेत. चुकीमुळे पुढचे काम लक्षणीयरीत्या सोपे झाले असेल, तर पुढचे सर्व गुण देता येत नाहीत. तसेच, मिळालेले उत्तर उघडपणे अशक्य असेल, उदाहरणार्थ संभाव्यता १ पेक्षा मोठी किंवा त्रिकोणाच्या बाजूची लांबी ऋण आली असेल आणि विद्यार्थ्याने ते तसेच स्वीकारले असेल, तर अंतिम पायरीचा गुण बहुधा दिला जात नाही. उत्तराची पडताळणी करणे हाही गणिती आकलनाचा भाग मानला जातो.

याच्या उलट परिस्थितीही संभवते. बरोबर उत्तर मिळाल्यावर विद्यार्थी अनावश्यक असे काही लिहितो आणि त्यात चूक करतो. अपूर्णांकातील बरोबर उत्तर दशांशात रूपांतरित करताना झालेली चूक हे त्याचे नेहमीचे उदाहरण होय. अशा नंतरच्या कामाकडे दुर्लक्ष करावे, अशी सूचना अनेक योजनांत असते. मात्र नंतर लिहिलेले विधान मूळ उत्तराच्या विरोधात जात असेल, तर ही सवलत मिळत नाही.

भूमितीतील गुणदान

बीजगणितात एक ओळ पुढच्या ओळीतून बहुतांशी आपोआप समर्थित होते. भूमितीत प्रत्येक विधानाला कारण द्यावे लागते, म्हणून तेथील गुणविभागणी निराळी असते. प्रमेयाच्या सिद्धतेत आकृती, पक्ष, साध्य आणि सिद्धता हे घटक वेगवेगळे पाहिले जातात. महाराष्ट्र राज्य मंडळाच्या भूमितीच्या प्रश्नपत्रिकेवर प्रमेयाच्या सिद्धतेसाठी आकृती आवश्यक असल्याची सूचना छापलेली असते. आकृतीवाचून लिहिलेल्या सिद्धतेत कोणता कोन किंवा कोणता रेषाखंड अभिप्रेत आहे, हे निश्चित होत नाही, हे त्यामागील कारण होय.

वर्तुळाबाहेरील बिंदूपासून त्या वर्तुळाला काढलेले स्पर्शिकाखंड एकरूप असतात, हे प्रमेय उदाहरणादाखल घेता येईल. वर्तुळकेंद्र स्पर्शबिंदूंना आणि बाहेरील बिंदूला जोडल्यास दोन त्रिकोण मिळतात. एकाच वर्तुळाच्या त्रिज्या एकरूप असतात, स्पर्शिका ही स्पर्शबिंदूतून जाणाऱ्या त्रिज्येला लंब असते आणि कर्ण दोन्ही त्रिकोणांत सामाईक असतो. म्हणून कर्णभुजा कसोटीने ते त्रिकोण एकरूप ठरतात आणि संगत बाजू एकरूप असल्याने प्रमेय सिद्ध होते. काही उत्तरपत्रिकांत मात्र हे त्रिकोण बाबाबा कसोटीने एकरूप असल्याचे लिहिलेले आढळते. त्या कसोटीसाठी तिन्ही बाजू एकरूप असाव्या लागतात, म्हणजेच जे सिद्ध करावयाचे तेच गृहीत धरले जाते. अशा चक्रीय युक्तिवादात शेवटचे विधान बरोबर असले तरी एकरूपतेच्या पायरीपासून पुढचे गुण मिळत नाहीत. आकृती, पक्ष, साध्य आणि त्याआधीची बरोबर विधाने यांचे गुण मात्र अबाधित राहतात.

भौमितिक रचनांमध्ये कंपासाने काढलेले कंस हाच रीतीचा पुरावा असतो. लंबदुभाजक पट्टीने मोजून अंदाजे काढला आणि तो योग्य जागी आला, तरी कंसांच्या खुणा नसल्यास रचना केली असे म्हणता येत नाही. म्हणूनच रचनेच्या खुणा स्पष्ट असाव्यात आणि त्या पुसू नयेत, अशी सूचना राज्य मंडळाच्या प्रश्नपत्रिकेवर असते. मापांत सूक्ष्म फरक पडू शकतो, हे ध्यानात घेऊन योजनांत थोडी सूट ठेवलेली असते.

विविध मंडळांतील पद्धती

महाराष्ट्र राज्य मंडळ

महाराष्ट्र राज्य माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळ १९६५ च्या अधिनियमान्वये स्थापन झाले असून त्याचे मुख्यालय पुणे येथे आहे. मंडळाच्या इयत्ता दहावीच्या परीक्षेत गणित विषय दोन भागांत विभागलेला आहे. भाग १ मध्ये बीजगणित आणि भाग २ मध्ये भूमिती असून प्रत्येक भागाची ४० गुणांची दोन तासांची लेखी परीक्षा होते. उरलेले २० गुण अंतर्गत मूल्यमापनाचे असतात.

पुनर्रचित अभ्यासक्रमावरील प्रश्नपत्रिकेत पाच प्रश्न असतात. पहिल्या प्रश्नात ४ गुणांचे बहुपर्यायी आणि ४ गुणांचे एकेका गुणाचे उपप्रश्न असतात. दुसऱ्या प्रश्नात ४ गुणांच्या कृती आणि ८ गुणांची दोन-दोन गुणांची उदाहरणे, तर तिसऱ्यात ३ गुणांची एक कृती आणि तीन-तीन गुणांची दोन उदाहरणे सोडवावी लागतात. चौथ्या प्रश्नात चार-चार गुणांची दोन आणि पाचव्यात ३ गुणांचे एक उदाहरण असते. बहुपर्यायी प्रश्नांत केवळ पहिल्या प्रयत्नातील उत्तरच ग्राह्य धरले जाते. 'कृती पूर्ण करा' या प्रकारात उदाहरणाच्या पायऱ्या छापलेल्या असून विद्यार्थ्याने रिकाम्या चौकटी भरावयाच्या असतात. तेथे गुण चौकटींमध्ये वाटलेले असल्याने गुणदान एकसारखे होते. मात्र पायऱ्यांची आखणी विद्यार्थ्याने स्वतः केलेली नसते. चौथ्या व पाचव्या प्रश्नात ती आखणी विद्यार्थ्यालाच करावी लागते, त्यामुळे परीक्षकाच्या विवेकबुद्धीचा कस तेथे अधिक लागतो.

उत्तरपत्रिका तपासण्याची साखळी परीक्षक, नियामक आणि मुख्य नियामक अशी असते. परीक्षक हे शाळांमध्ये तो विषय शिकवणारे शिक्षक असतात. परीक्षकाने तपासलेल्या उत्तरपत्रिकांपैकी काही नियामक पुन्हा पाहतो आणि गुणदान योजनेनुसार झाले आहे की नाही, याची खात्री करून घेतो. विद्यार्थ्याची ओळख परीक्षकाला कळू नये म्हणून उत्तरपत्रिकांवर बारकोड पद्धत वापरली जाते.

केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळ

या मंडळाच्या दहावीच्या गणिताची लेखी परीक्षा ८० गुणांची आणि अंतर्गत मूल्यमापन २० गुणांचे असते. २०२० पासून विद्यार्थ्याला गणिताच्या 'मूलभूत' किंवा 'मानक' या दोन स्तरांपैकी एक निवडता येतो. मंडळ परीक्षेनंतर गुणदान योजना प्रसिद्ध करते. तिच्यात पायऱ्यांसमोर १ किंवा ½ गुण छापलेला असतो. ० ते ८० ही संपूर्ण गुणश्रेणी वापरावी आणि उत्तर योग्य असल्यास पूर्ण गुण देण्यास कचरू नये, अशी सूचना परीक्षकांना दिलेली असते. विद्यार्थ्याने पर्यायी प्रश्नांपैकी आवश्यकतेपेक्षा अधिक सोडवले असल्यास ज्या उत्तराला जास्त गुण पडतात ते ग्राह्य धरून दुसरे रद्द करावे, असाही संकेत आहे.

इंग्लंड आणि आंतरराष्ट्रीय परीक्षा

इंग्लंडमधील जीसीएसई परीक्षेच्या योजनांत पद्धतीच्या गुणांना 'एम', अचूकतेच्या गुणांना 'ए' आणि स्वतंत्र गुणांना 'बी' अशी अक्षरे वापरली जातात. एखाद्या वस्तूची किंमत १५ टक्क्यांनी कमी होऊन ६८० झाली असेल, तर मूळ किंमत ६८० ÷ ०.८५ = ८०० येते. विद्यार्थ्याने ६८० ला ०.८५ ने भागण्याची मांडणी केली आणि भागाकारात चूक केली, तर त्यास पद्धतीचे गुण मिळतात. पण ६८० च्या १५ टक्के वाढवून ७८२ हे उत्तर काढले, तर आकडेमोड अचूक असूनही गुण मिळत नाहीत, कारण टक्केवारी कशाची घ्यावयाची हेच चुकलेले असते.

इंग्लंडमध्ये २०१७ पासून गणिताचा निकाल ९ ते १ या श्रेणींत दिला जातो. कोणत्या श्रेणीसाठी किती गुण लागतील, हे उत्तरपत्रिका तपासून झाल्यावर त्या वर्षीच्या प्रश्नपत्रिकेच्या काठिण्याचा विचार करून ठरवले जाते. त्यामुळे अवघड प्रश्नपत्रिकेचा फटका सर्वांना सारखाच बसत असला, तरी श्रेणीवर त्याचा परिणाम मर्यादित राहतो. इंटरनॅशनल बॅकलॉरिएटच्या गणिताच्या योजनांत पद्धत आणि अचूकता यांखेरीज तर्कासाठी 'आर' या अक्षराने दर्शवलेले वेगळे गुण असतात.

परीक्षकांमधील एकवाक्यता

योजना कितीही तपशीलवार असली, तरी प्रत्यक्ष उत्तरपत्रिकेत तिने न कल्पिलेली उत्तरे येतातच. म्हणून तपासणी सुरू होण्यापूर्वी परीक्षकांची बैठक घेऊन योजनेवर चर्चा केली जाते आणि नमुना उत्तरपत्रिकांवर सराव केला जातो. इंग्लंडमधील संस्था उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासून घेतात. वरिष्ठ परीक्षकांनी आधीच गुण ठरवलेली काही उत्तरे त्यांत मिसळून ठेवलेली असतात. परीक्षकाने दिलेले गुण ठरलेल्या गुणांपासून दूर जाऊ लागल्यास त्यास थांबवून पुन्हा मार्गदर्शन केले जाते. एका परीक्षकाकडे संपूर्ण उत्तरपत्रिकेऐवजी काही ठरावीक प्रश्नच देण्याची पद्धतही तेथे रूढ आहे. एखादा परीक्षक कडक असला, तरी एकाच विद्यार्थ्याच्या सर्व उत्तरांवर त्याचा परिणाम होत नाही, हा त्याचा फायदा होय.

परीक्षकाच्या निर्णयावर परिणाम करणाऱ्या मानवी घटकांमध्ये थकवा, हस्ताक्षर, मांडणी आणि आधी तपासलेल्या उत्तरपत्रिकेचा ठसा यांचा समावेश होतो. उत्कृष्ट उत्तरपत्रिकेनंतर हाती आलेली मध्यम उत्तरपत्रिका आहे त्याहून कमी दर्जाची वाटू शकते. सर्व विद्यार्थ्यांचा पहिला प्रश्न तपासून मग दुसऱ्या प्रश्नाकडे वळल्यास या परिणामाची तीव्रता घटते.

पडताळणी, पुनर्मूल्यांकन आणि न्यायालयीन निर्णय

निकालानंतर विद्यार्थ्याला उपलब्ध असणारे उपाय तीन प्रकारचे आहेत. गुणपडताळणीत सर्व उत्तरे तपासली गेली आहेत काय आणि बेरीज बरोबर आहे काय, एवढेच पाहिले जाते. छायाप्रतीमुळे विद्यार्थ्याला तपासलेली उत्तरपत्रिका पाहता येते. पुनर्मूल्यांकनात उत्तरे पुन्हा तपासली जातात. महाराष्ट्र राज्य मंडळात पुनर्मूल्यांकनासाठी आधी छायाप्रत घेणे आवश्यक असते.

हे उपाय पूर्वीपासून उपलब्ध नव्हते. उत्तरपत्रिका पाहू न देण्याचा आणि पुनर्मूल्यांकन न करण्याचा महाराष्ट्र मंडळाचा नियम मुंबई उच्च न्यायालयाने अवैध ठरवला होता. सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये तो निर्णय फिरवून मंडळाचा नियम वैध ठरवला. शैक्षणिक बाबींत तज्ज्ञ संस्थांच्या धोरणात न्यायालयांनी सहसा हस्तक्षेप करू नये, ही त्यामागील भूमिका होती. माहितीचा अधिकार अधिनियम २००५ मध्ये संमत झाल्यावर परिस्थिती बदलली. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाशी संबंधित प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०११ मध्ये तपासलेली उत्तरपत्रिका ही त्या अधिनियमाच्या अर्थाने 'माहिती' असून ती पाहण्याचा परीक्षार्थीला हक्क आहे, असा निर्णय दिला. परीक्षकाची ओळख मात्र उघड करता येणार नाही, असे न्यायालयाने स्पष्ट केले.

उत्तरपत्रिका पाहण्याचा हक्क गणितात विशेष उपयुक्त ठरतो. पायरीनिहाय गुण छापील योजनेशी ताडून पाहता येत असल्याने तपासायची राहिलेली पायरी, नाकारलेली पर्यायी रीत किंवा बेरजेतील चूक विद्यार्थ्याला आणि त्याच्या शिक्षकाला नेमकी दाखवता येते. उत्तीर्णतेच्या सीमेवर असलेल्या विद्यार्थ्याच्या बाबतीत अशा एका पायरीवर पुढील प्रवेश अवलंबून असू शकतो.

मर्यादा आणि टीका

पायरीनिहाय गुणदानावर होणारी मुख्य टीका अशी की, त्यामुळे ठरावीक साच्यात उत्तर लिहिण्याची सवय लागते. पाठ्यपुस्तकातील मांडणी जशीच्या तशी उतरवणाऱ्या विद्यार्थ्याला, सूत्र समजले नसतानाही, काही गुण मिळू शकतात. याउलट थोडक्या ओळींत उत्तरापर्यंत पोहोचणाऱ्या विद्यार्थ्याचे गुण पायऱ्या गाळल्याच्या कारणाने कापले जाण्याचा धोका असतो. पर्यायी रीती ग्राह्य धरण्याची सूचना योजनेत असली, तरी अपरिचित रीत तपासून पाहण्यासाठी लागणारा वेळ आणि विषयज्ञान प्रत्येक परीक्षकाकडे असेलच, असे नाही. या दृष्टीने परीक्षकाच्या विषयज्ञानाची जागा छापील योजना घेऊ शकत नाही.

बहुपर्यायी प्रश्नांचे प्रमाण वाढवल्यास गुणदानातील तफावत जवळजवळ नाहीशी होते. परंतु त्यात अर्धवट आकलनाचे श्रेय मिळत नाही आणि अंदाजाने दिलेले उत्तरही बरोबर ठरू शकते. चार पर्यायांच्या प्रश्नात निव्वळ अंदाजाने बरोबर उत्तर येण्याची संभाव्यता १/४ असते. म्हणून बहुतेक मंडळे दोन्ही प्रकारच्या प्रश्नांचे मिश्रण ठेवतात.

गुणदानाची ही रचना विद्यार्थ्याच्या लेखनाशी थेट निगडित आहे. परीक्षक फक्त कागदावर असलेल्या कामालाच गुण देऊ शकतो. खोडलेल्या कामाच्या जागी दुसरे काम केलेले नसेल, तर काही योजनांत ते खोडलेले, पण वाचता येणारे कामही तपासले जाते. त्यामुळे अपूर्ण राहिलेले किंवा शेवटी चुकलेले उदाहरणही निरर्थक ठरत नाही. मानलेली किंमत, मांडलेले समीकरण, काढलेली आकृती आणि लिहिलेले कारण यांपैकी प्रत्येकाला गुणदान योजनेत आपापले स्थान असते.